कोरा अर्जही जुना होतो

(प्रभाग संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या तायांनी मागणी केली, म्हणून थोडं आवरून इथे देत आहोत.)



आज मी विषय मागून घेतला आहे. कर्जावर किंवा व्यवसायावर बोलले असते तर टाळ्या जास्त पडल्या असत्या. मला बोलायचं आहे कोऱ्या कागदांवर. म्हणजे आपले नमुने. कर्ज मागणी अर्ज, ठरावाचा नमुना, बैठकीच्या इतिवृत्ताचा नमुना, सूक्ष्म गुंतवणूक आराखड्याचे तक्ते, सहीदार बदलायचं पत्र, विम्याचे फॉर्म, प्रवास खर्चाची पावती. मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या, ते दिसलं मला. हसा, पण ऐका. हे कागद कोरे असतात तोवर त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि भरले की त्यावर तुमची सही असते.

नमुना हा शब्द तुम्हाला नवा नाही. सातबारा म्हणजे काय, असं विचारलं तर तुम्ही सांगाल, जमिनीचा कागद. बरोबर. पण सात आणि बारा हे आकडे कुठले? ते नमुन्यांचे क्रमांक आहेत. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाच्या हक्काची आहे ते, आणि गाव नमुना १२ म्हणजे तिच्यात पीक काय आहे ते. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. आपण फेरफार म्हणतो तो गाव नमुना ६. अशी १ ते २१ गाव नमुन्यांची मालिका आहे. इंग्रज अमदानीत अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने महसुली हिशेबाची ही पद्धत लिहून काढली, आणि महसूल खात्यात अजूनही 'अँडरसन मॅन्युअल' हा शब्द चालतो. इंग्रज गेले, हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर आला, तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण ७ चा ७ च राहिला. गडचिरोलीतली बाई आणि सिंधुदुर्गातली बाई एकच शब्द बोलतात आणि दोघींना एकच कागद मिळतो. इतक्या मोठ्या राज्यात, इतक्या गावांत हे चालतं, कारण नमुन्याला क्रमांक आहे, त्यात काय लिहायचं ते ठरलेलं आहे आणि तो कोणाच्या ताब्यात आहे तेही ठरलेलं आहे.

याच पद्धतीतला एक गोंधळही तुम्ही भोगलेला आहे. महसूल खात्याचा एक 'आठ अ' आहे, तो जमिनीचा खाते उतारा. आणि ग्रामपंचायतीचाही एक नमुना ८ आहे, तो घराच्या कर आकारणीचा. दोन खात्यांनी आपापल्या मालिका केल्या आणि आकडा एकच आला. बँकेने 'आठ अ आणा' म्हटलं की कितीतरी जणी घराचा उतारा घेऊन जातात आणि परत येतात. येण्याजाण्याचं भाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडाली. कागदाला क्रमांक असणं चांगलं, पण एकाच बाईच्या हातात येणाऱ्या दोन कागदांचा क्रमांक एक असू नये. हे मी पुढे आपल्या नमुन्यांबद्दल बोलताना परत सांगणार आहे.

आता आपल्या घरी या. एका गटाला वर्षभरात १५ प्रकारचे कागद लागतात असं धरा. प्रभागात २०० गट धरा. प्रत्येक गटाने आपापला नमुना आपल्या पिशवीत सांभाळला, तर ३,००० कोरे नमुने झाले. त्यातला एक नमुना बदलला तर तो २०० पिशव्यांत बदलायला हवा. १९० ठिकाणी बदलला आणि १० ठिकाणी राहिला, तर त्या १० गटांना हे कळणार कधी? बँकेच्या खिडकीवर.

'पण कोऱ्या कागदाला काय होतं? तो काही शिळा भात आहे का?' असं एका मावशीने मला विचारलं होतं. मावशी, होतो हो शिळा. गेल्या काही वर्षांतलंच बघा. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला आणखी सहा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड या पंजाब नॅशनल बँकेत. शाखा त्याच जागी, साहेबही कधीकधी तेच, पण आयएफएस कोड बदलले. आणि आता आपल्या विदर्भातलं ताजं म्हणजे, १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक वेगळी राहिली नाही, ती आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. तुमच्या पिशवीत 'विदर्भ कोकण ग्रामीण बँक' असं छापलेला अर्ज अजून असेल, तर तो कोरा आहे पण जुना आहे.

विम्याचं बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ३३० रुपये होता, तो १ जून २०२२ पासून ४३६ झाला. सुरक्षा विमा योजनेचा १२ रुपये होता, तो २० झाला. जुन्या फॉर्मवर ३३० छापलेलं आहे. तो वाचून एखाद्या बाईने खात्यात ३५० रुपये ठेवले तर तिचा हप्ता कापलाच जाणार नाही. ती मात्र वर्षभर समजत राहील की आपला दोन लाखांचा विमा आहे. हे कळायची वेळ घरात माणूस गेल्यावर येते. म्हणून कोणी मला म्हटलं की मॅडम, फॉर्म काय, कुठलाही चालतो, तर मला राग येतो. (आणि मॅडम म्हणू नका, हे कितीदा सांगू.)

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत गटांच्या विनातारण कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाखांवर नेली. आपल्याकडे माहितीपत्रकाचा जो नमुना फिरतो आहे त्यावर १० लाखच आहे. म्हणजे आपणच आपल्या गटांना कमी सांगतो आहोत. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, आपले अर्ज अजून 'प्रति, मा. ग्रामसेवक' असेच सुरू होतात. यावरून कोणी अर्ज परत करणार नाही, तेवढं चालून जातं. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं नाही म्हणून आपण सुटलो, नाहीतर धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगरच्या तायांना शिक्के, लेटरहेड, नमुने सगळंच बदलावं लागलं.

आता हा पसारा होतो कसा ते सांगते. कोणी मुद्दाम करत नाही. कोणाला तरी घाईत अर्ज हवा असतो. ती सीआरपी ताईला फोन करते. ताईच्या फोनमध्ये एक फाइल असते, ती पाठवते. पुढची ती उघडून बँकेचं नाव बदलते आणि जतन करते. तिसरी त्याची झेरॉक्स काढते. चौथी झेरॉक्सची झेरॉक्स काढते, कडा कापल्या जातात, खालची सूचना अर्धीच दिसते, आणि मधे कुठल्यातरी जुन्या सहीचा काळा डाग कायमचा राहतो. प्रभाग संघाच्या संगणकात मी शोधलं तर नावं अशी होती: 'कर्ज अर्ज नवीन', 'कर्ज अर्ज नवीन फायनल', 'फायनल २', 'हाच वापरा', 'हाच वापरा सुधारित'. यातला कोणता खरा, ते फाइल बनवणारी सोडून कोणीच सांगू शकत नाही, आणि ती ताई लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली.

त्यात अक्षरांचा घोळ आहेच. पूर्वी टंकलेखन करून घेतलेले नमुने कृतीदेव किंवा श्रीलिपीत आहेत. संगणकावर बरे दिसतात, पण फोनवर उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग लिपिका ताई वैतागून हाताने नवाच अर्ज लिहिते, आणि त्यात एखादा रकाना राहतो. यापुढे आपला प्रत्येक नमुना युनिकोडमध्येच टंकायचा. जुने टंकून घ्यायला दोन-चार दिवस लागतील, ते काम मी आणि प्रभाग संघ लिपिका मिळून करू.

आता याची किंमत किती, ते आपल्याच भागातल्या एका गटावरून सांगते. गटाचं नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. गटाने मे महिन्यात कर्जाचा ठराव केला, अर्ज भरला, बारा जणींच्या सह्या, अंगठे, फोटो सगळं केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाखेने प्रकरण परत केलं. ठरावाचा नमुना जुना, त्यावर खात्याचा जुना कोड, सहीदारांचा रकाना जुन्या पद्धतीचा. नवा नमुना कुठे मिळेल, तर 'तुमच्या ऑफिसात विचारा'. आमच्या ऑफिसात तो आला होता, कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून होता. नवा छापला तोवर सचिवताई बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या. पाऊस काही बाळंतिणीसाठी थांबत नाही. त्या गटातल्या एका बाईने सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला ४०,००० रुपये पाच रुपये शेकड्याने उचलले. दोन महिन्यांचं व्याज झालं ४,०००. बँकेचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तरी दोन महिन्यांचे ८०० झाले असते. वरचे ३,२०० रुपये हे तिने जुन्या कागदाचं व्याज भरलं. आपला गट आहे, आपला ग्रामसंघ आहे, तरी ती सावकाराच्या दारात गेली, आणि कारण काय, तर कागद.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. बऱ्याच ठिकाणी कोरा नमुना नसतोच. मागच्या गटाचा भरलेला अर्ज असतो, त्यातली नावं खोडून आपली टाकायची. वरचं नाव बदललं, अध्यक्ष बदलली, रक्कम बदलली, आणि तिसऱ्या पानावरचा खाते क्रमांक तसाच राहिला. एका गटाच्या बाबतीत हे झालं. पैसे जमा व्हायच्या आधी बँकेच्या सखीताईने दोन्ही पासबुकं समोर ठेवली म्हणून लक्षात आलं. तिचे उपकार. पण दर वेळी बँक सखी तिथे उभी असेल असं नाही. आणि तोच भरलेला अर्ज चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, म्हणजे बारा बायांचे आधार क्रमांक, फोन नंबर, खाते क्रमांक अनोळखी फोनमध्ये जाऊन बसले. भरलेला कागद कधीही नमुना म्हणून पाठवायचा नाही. कोणी मागितला तरी नाही. 'कसा भरायचा ते दाखवा' असं म्हणत असेल तर आपण एक खोट्या नावाने भरलेला अर्ज तयार ठेवू, त्यावर आडवं मोठ्या अक्षरांत 'उदाहरण' असं छापलेलं. आणि जिथे आधारची प्रत द्यायची असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढता येतं, ते द्या.

तर करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे नमुने कमी करायचे. सगळे लोक आधी फोल्डर कसे करायचे ते विचारतात. मी म्हणते, थांबा. घर आवरताना आपण डबे आधी विकत आणतो का? आधी फेकायचं ते काढतो. मी आपले कर्ज अर्जाचे नमुने एका सतरंजीवर मांडले. बहुतेकांत फरक एकच, वरच्या ओळीतलं बँकेचं नाव. मग ते छापायचं कशाला? तिथे रिकामी रेघ ठेवा. गट ते ग्रामसंघ कर्ज मागणीचेही तीन वेगळे नमुने निघाले, कारण तीन प्रशिक्षणांत तीन साहेबांनी दिले. तिन्ही ठेवले तर तीन गोंधळ. यातला एक ठरवायचा अधिकार प्रभाग संघाच्या कार्यकारी समितीला आहे, तो वापरा. बँकेचा स्वतःचा छापील अर्ज असतो तो बँकेचाच, त्याला आपण हात लावत नाही. तो दर वेळी शाखेतून ताजा घ्यायचा, साठा करायचाच नाही. एवढं केलं तरी ढीग अर्ध्यावर येतो, हे मी मोजून नाही, डोळ्यांनी बघून सांगते.

मग राहिलेल्यांना क्रमांक. तोही तुम्हाला आठवेल असा. बैठकीचे नमुने 'बै', कर्जाचे 'क', विम्याचे 'वि', हिशेबाचे 'हि'. बै-१, बै-२, क-१ असे. ग्रामसंघाने आणि प्रभाग संघाने वेगवेगळी मालिका सुरू करायची नाही, नाहीतर आठ अ सारखं होईल. एकच मालिका, सगळ्यांची. आणि नमुना बंद झाला तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवतात ते ठीक, पण इथे नको.

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापायच्या: नमुन्याचा क्रमांक, कोणत्या महिन्यापासून लागू, आणि एकूण पानं किती. झेरॉक्स काढताना तळ कापू नका. बँकेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या ताईने फोन केला की मी एवढंच विचारणार, 'तळाशी काय लिहिलं आहे?' तिने महिना सांगितला की मला कळेल, तिचा कागद चालणार की नाही.

एक नमुना वही करायची. जाड पुठ्ठ्याची, प्रभाग संघाच्या कपाटात. एका नमुन्याला एक पान. त्यात त्याचा क्रमांक, नाव, कधी लागतो, कोण भरते, कोणाच्या सह्या, किती प्रती, सोबत काय जोडायचं, कुठे द्यायचा, कधी बदलला आणि का बदलला. आणि एक ओळ माझ्या आग्रहाची: बाया त्याला काय म्हणतात. कारण अर्जावर लिहिलं आहे 'विमा दावा प्रपत्र', आणि तुम्ही मागता 'मयताचा फॉर्म'. 'प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता बदल पत्र' असं लिहिलेला कागद कोणी शोधणार आहे का? तुम्ही म्हणता 'सही बदलायचा कागद'. संगणकातल्या फाइलीचं नावही तसंच ठेवायचं, म्हणजे फोनवर 'मयत' टाइप केलं की सापडलं पाहिजे. दुःखाच्या घरात बसून कोणी 'प्रपत्र' शोधत बसत नाही.

फोनमधलं सांगते. गुगल ड्राइव्हवर प्रभाग संघाचं एक फोल्डर असेल. माझ्या खाजगी ईमेलवर नाही, प्रभाग संघाच्या. मी आज आहे, उद्या माझी बदली होईल, मग तुमचे नमुने माझ्याबरोबर का जावेत? फोल्डरच्या आत चारच कप्पे आणि एक 'जुने'. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा असं नको. बाजाराच्या दिवशी, रेंज अर्धी दांडी, मागे रांग, अशा वेळी बाई दोनदा बोट दाबेल, तिसऱ्यांदा दाबणार नाही. लिपिका आणि सीआरपी ताईंना ते फोल्डर बघता येईल, प्रत काढता येईल, पण मूळ कागद बदलता येणार नाही. यावर काही जणींना वाईट वाटलं. 'आमच्यावर विश्वास नाही का?' विश्वासाचा प्रश्न नाही ताई. मूळ कागद बदलायचा हक्क दोघींकडेच राहील, प्रभाग संघ लिपिका आणि सचिवताई. मलाही नाही. कुलपाच्या किल्ल्या आपण गटातही तिघींकडेच ठेवतो, बाकीच्या चोर असतात म्हणून नाही.

'जुने' कप्प्यातलं पुसायचं नाही. तीन वर्षांनी लेखापरीक्षक विचारेल, तेव्हा त्या वर्षी कोणता नमुना चालू होता ते दाखवावं लागतं. फक्त त्या कप्प्यातल्या प्रत्येक पानावर आडवं 'रद्द' छापायचं.

आणि नवा नमुना पोहोचवायचा कसा? नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की 'ओके ताई' चे वीस अंगठे येतात, आणि पिशवीत जुनाच राहतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई तुमच्या दारात येते ना? ती साडी घेतल्याशिवाय पातेलं देत नाही. तसंच करायचं. जुने कोरे नमुने जमा केल्याशिवाय नवे द्यायचे नाहीत. ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत लिपिका ताईने हे करायचं आणि वहीत नोंद करायची. बदल वर्षातून दोनदाच, एप्रिल आणि ऑक्टोबर. बँकेने किंवा सरकारने मधेच काही बदललं तर तेवढ्यापुरता अपवाद. सारखे बदल केले तर लोक बघणंच सोडून देतात.

लोकओएस अ‍ॅप आलं आहे, सगळे व्यवहार त्यात भरायचे आहेत, मग हे कागद किती दिवस, असंही विचारलं गेलं. अ‍ॅपमध्ये भरायचं ते वहीतून, आणि वहीत उतरायचं ते बैठकीतून. कागद कमी होतील, तेव्हा वहीतली पानं 'रद्द' करू. तोवर बँक ठराव कागदावरच मागते.

आता जे मला मनापासून बोलायचं आहे ते. नमुना जुना नसेल, स्वच्छ छापलेला असेल, तरी तो चुकीचा असू शकतो. आपल्या ठरावाच्या नमुन्यात काय छापलं आहे बघा. 'वरील विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठराव मंजूर करण्यात आला.' हे आधीच छापलेलं! चर्चा व्हायच्या आधी चर्चा झाली. बैठक भरायच्या आधी सगळ्यांचं एकमत झालं. सूचक आणि अनुमोदक याच्या रेघा रिकाम्या आहेत, पण विरोधाला रेघच नाही. मी कॉलेजात शिकत असताना सहभाग, लोकशाही असे मोठे शब्द ऐकले. इथे आल्यावर कळलं, सगळं एका छापील ओळीत अडकलेलं असतं.

एका बैठकीत एक मावशी कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना मोठं कर्ज नको होतं. मागचा हप्ता जड गेला होता. त्या दोनदा म्हणाल्या, 'मले नको बाई इतकं.' कागदावर 'सर्वानुमते' होतं, त्यांचा अंगठाही होता. पुढे हप्ता थकला तेव्हा गटात भांडण लागलं. त्या म्हणत होत्या, मला विचारलं नाही. बाकीच्या म्हणत होत्या, अंगठा तुझा आहे. दोघी खऱ्या होत्या.

म्हणून मी समितीपुढे सुचवलं आहे की बै-३ म्हणजे ठरावाच्या नमुन्यातून 'सर्वानुमते' ही छापील ओळ काढा. तिथे लिहा: बाजूने किती, विरोधात किती, मत नाही दिलं किती, आणि विरोधात असणारीचं म्हणणं एका ओळीत. एका पदाधिकारी ताईने लगेच विचारलं, 'विरोध लिहिला तर बँक कर्ज देईल का?' प्रश्न रास्त आहे. बँकेला सगळ्यांची संमती लागते, कारण कर्ज गटाच्या नावावर असतं. म्हणूनच विरोध बँकेत जायच्या आधी कळायला हवा. रक्कम कमी करा, हप्ता बदला, त्या मावशीला तिच्या वाट्याची जबाबदारी किती ते समजावून सांगा, मग परत विचारा. सगळ्या हो म्हणाल्या तर 'सर्वानुमते' हाताने लिहा. हाताने लिहायला चार सेकंद लागतात, तेवढ्या वेळात मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघता येतं.

त्याच नमुन्यात शेवटी एक ओळ वाढवायची: 'वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला', आणि वाचणारीचं नाव व सही. आपल्यात अंगठा उठवणाऱ्या ताया आहेत, आणि सही करणाऱ्या पण वाचायला चष्मा नसलेल्या तर किती तरी!

दुसरा रकाना 'पतीचे नाव'. आपल्या स्वतःच्या सभासद अर्जात तो आहे, बँकेचा नाही, आपलाच. ज्या ताईला टाकून दिलं आहे तिने तिथे काय लिहायचं? पाच वर्षं तोंड न दाखवलेल्या माणसाचं नाव? आता सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घ्यायचं ठरवलं आहे. बँकेच्या आणि सरकारी कागदांवर जे मागतात ते द्यावंच लागेल, पण आपल्या गटाच्या अर्जात आपण 'जवळच्या व्यक्तीचे नाव व नाते' असं लिहू शकतो. आई लिहा, बहीण लिहा, मुलगी लिहा. यावर आज मत घ्या अशी माझी अध्यक्षताईंना विनंती आहे, आणि विरोध असेल तर तोही लिहा.

आता पुढच्या मासिक बैठकीचं. प्रत्येक ग्रामसंघाच्या लिपिका ताईने आपल्या गटांतले सगळे कोरे कागद आणायचे. पलंगाखालचे, ट्रंकेतले, मुलाच्या वहीत घातलेले, फाटके, सगळे. निवडून आणू नका, निवड आपण इथे सतरंजीवर करू. सोबत बँकेने परत केलेली प्रकरणं असतील तर तीही आणा, कोणत्या रकान्यावर परत आलं त्याची खूण करून. आणि एक वेगळी पिशवी आणा. कोणाकडे सह्या किंवा अंगठे घेऊन ठेवलेले कोरे अर्ज असतील, 'पुढे लागतील म्हणून' ठेवलेले, ते त्या पिशवीत. कोणी ठेवले, का ठेवले, असं कोणी विचारणार नाही. मोजायचे, वहीत आकडा लिहायचा, आणि ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या हातात देऊन त्यांनाच फाडायला सांगायचं.